अगस्तीच्या वाटेवरचे न दिसणारे शेजारी

वाचकांचे प्रश्न : आकाशनिरीक्षण

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी जत तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सहा इंची दुर्बीण घेऊन दिली. आठवीच्या मुलांना सूर्याचे शेजारी दाखवायचे आम्ही ठरवले आहे. पहिला अल्फा सेंटॉरी, दुसरा बर्नार्डचा तारा आणि तिसरा ‘ल्यूमन १६’ नावाचा जोडतारा, असे वाचले. हा तिसरा व्हेला तारकासमूहात आहे म्हणे. तो कधी आणि कसा दाखवावा? आमच्याकडे अंधाराला तोटा नाही.
एक शिक्षिका, जत

उत्तर : बाई, ल्यूमन १६ तुमच्या दुर्बिणीतून दिसणार नाही. सहा इंची दुर्बीण चांगल्या अंधारात फार तर तेराव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवते (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद). डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात हा जोडतारा त्याहून कितीतरी मंद आहे. माझी दहा इंचीसुद्धा त्याच्यापुढे हात टेकते. तरीही तुमचा बेत मोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना त्याची जागा दाखवा. तिथे दुर्बीण रोखा आणि सांगा, “इथे आपला शेजारी आहे, साडेसहा प्रकाशवर्षांवर, आणि २०१३ सालापर्यंत तो जगात कोणालाच ठाऊक नव्हता.” हा तास मुले विसरणार नाहीत.

जागा सापडायला अवघड नाही. त्याचा पत्ता त्याच्या दुसऱ्या नावातच लिहिलेला आहे : वाइज जे १०४९१५.५७-५३१९०६.१. म्हणजे विषुवांश (आकाशातला रेखांश) १० तास ४९ मिनिटे आणि क्रांती (आकाशातला अक्षांश) दक्षिण ५३ अंश १९ कला. साठ कला म्हणजे एक अंश. आता अगस्ती आठवा. अगस्तीची क्रांती दक्षिण ५२ अंश ४२ कला. दोघांत फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे तुमच्या गावावरून दोघांची वाट जवळजवळ एकच. अगस्ती जिथे उगवतो, जेवढा चढतो आणि जिथे मावळतो, तिथूनच साधारण साडेचार तासांनी ल्यूमन १६ जातो. जतहून दोघेही दक्षिण क्षितिजापासून सुमारे २० अंश वर येतात. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास मुलांना घेऊन बाहेर पडा. बरोबर दक्षिणेला, अडीच मुठींच्या जरा खाली, म्यू व्हेलोरम नावाचा पिवळसर तारा असेल. त्याची प्रत २.७, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. त्याच्या डावीकडे खाली, क्षितिजापासून मूठभर उंचीवर, त्रिशंकू उभा असेल. म्यू व्हेलोरमपासून सरळ क्षितिजाकडे चार अंश उतरा, म्हणजे लांब केलेल्या हाताची तीन बोटेही पुरी होत नाहीत. तीच जागा. फक्त त्या दिवसांत कोणी शेतात पाचट पेटवलेले नाही ना, ते पाहून घ्या. वीस अंशांवर बघताना आपण डोक्यावरच्या मानाने जवळजवळ तिप्पट जाड हवेतून बघत असतो. त्यात धुराची भर पडली तर म्यू व्हेलोरमही विटतो. ढालगावच्या बाजूच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे मात्र फारसे आड येत नाहीत, ते अगदी क्षितिजाला चिकटून असतात.

आता मुले विचारतील, एवढा जवळ असून दिसत का नाही? बाई, तुमच्या तासाचा गाभा हाच आहे. जवळचा तो ठळक, असा आपला समज असतो आणि आकाशात तो सारखा खोटा ठरतो. अगस्ती तीनशेहून जास्त प्रकाशवर्षांवर आहे आणि रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी आहे. ल्यूमन १६ साडेसहा प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच वाटेने कोणाला न दिसता जातो. बर्नार्डचा तारा तर सहा प्रकाशवर्षांवर, पण त्यालाही दुर्बीण लागते. अगदी जवळचा प्रॉक्झिमा हा अल्फा सेंटॉरीचाच सोबती, आणि तोही अकराव्या प्रतीचा. म्हणजे पहिल्या तीन शेजारघरांत नुसत्या डोळ्यांना दिसणारे घर एकच, अल्फा सेंटॉरीचे.

ल्यूमन १६ मधले दोघे खरे तर पुरते तारेच झाले नाहीत. वायूचा ढग आकसतो तसा त्याचा गाभा तापतो. वस्तुमान पुरेसे असेल तर गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि पुढे कोट्यवधी वर्षे तो तारा स्वतःच्या बळावर तळपतो. त्यासाठी गुरू ग्रहाच्या निदान ७५ ते ८० पट वस्तुमान लागते. या दोघांपैकी एकाचे आहे सुमारे ३४ पट, दुसऱ्याचे सुमारे २९ पट. त्यामुळे हायड्रोजन पेटलाच नाही. आकसताना मिळालेली उष्णता तेवढी आहे, आणि जन्मापासून दोघे ती बाहेर टाकत निवत चालले आहेत. अशांना तपकिरी बटू म्हणतात. असे खगोल असले पाहिजेत, हे गणित १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिव कुमार या भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञाने मांडले होते. त्यांचे नाव मुलांना जरूर सांगा, पाठ्यपुस्तकांत ते भेटत नाही. प्रत्यक्षात निर्विवाद तपकिरी बटू सापडायला १९९५ उजाडले.

दोघांचा आकार साधारण गुरूएवढा आहे आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे हजार अंश सेल्सियस. एवढ्या तापमानाची वस्तू आपली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांत टाकते आणि आपल्या डोळ्यांच्या वाट्याला अगदी थोडा तांबूस प्रकाश येतो. जवळच्या अवरक्त पट्ट्यात मोजले तर दोघांची मिळून प्रत १०.७ भरते. म्हणजे आपल्या डोळ्यांना अवरक्त दिसत असते, तर तुमच्या सहा इंचीत हा शेजारी सहज सापडला असता. हे वाक्य वर्गात सांगून बघा आणि मुलांचे प्रश्न ऐका.

प्रश्न : मी दहावीत आहे. एवढा जवळचा तारा २०१३ पर्यंत का सापडला नाही? शास्त्रज्ञांकडे तर खूप मोठ्या दुर्बिणी आहेत. आणि तिथे एक नसून दोन आहेत हे आणि त्यांचे वजन कसे कळले?
एक विद्यार्थी, वाळवा तालुका

उत्तर : बाळा, मोठी दुर्बीण एका वेळी आकाशाचा फार लहान तुकडा बघते. कुठे बघायचे ते आधी माहीत असेल तर तिचा उपयोग. अनोळखी शेजारी हुडकायचा तर सगळे आकाश पुन्हा पुन्हा टिपावे लागते आणि कोणता ठिपका जागचा हलला ते शोधावे लागते. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकताना दिसतो, हीच त्याची खूण. १९१६ मध्ये ई. ई. बर्नार्ड यांना त्यांचा तारा सापडला तो असाच. तो वर्षाला दहा विकलांहून जास्त सरकतो (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे विकला). ल्यूमन १६ वर्षाला २.८ विकला सरकतो. पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढे अंतर कापायला त्याला साडेसहाशे वर्षे लागतील. ऐकायला हे थोडे वाटते, पण ताऱ्यांच्या हिशेबात हा पळण्याचा वेग आहे.

अडचण त्याच्या जागेची होती. व्हेला तारकासमूह आकाशगंगेच्या पट्ट्यात येतो आणि ल्यूमन १६ त्या पट्ट्याच्या मध्यरेषेपासून फक्त पाच अंशांवर आहे. तिथे फोटोत ताऱ्यांची एवढी दाटी असते की ठिपक्याला ठिपका चिकटतो आणि कोण हलला ते ओळखू येत नाही. तपकिरी बटू शोधणाऱ्या बऱ्याच जणांनी म्हणूनच तो पट्टा आपल्या शोधातून वगळला होता.

२००९ च्या डिसेंबरात ‘वाइज’ नावाचा उपग्रह सोडला गेला. त्यावर फक्त ४० सेंटिमीटरची अवरक्त दुर्बीण होती, पण ती सगळे आकाश टिपत असे आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येत असे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे केव्हिन ल्यूमन यांनी त्या वेगवेगळ्या वेळच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि त्यांना हा सरकणारा ठिपका मिळाला. मग त्यांनी जुने फोटो काढून पाहिले. १९७८ च्या फोटोतही तो होता, सरकण्याच्या हिशेबाने असायला हवा नेमका तिथेच! १९७८ मध्ये मी साताऱ्यात कॉलेजात होते. तेव्हाच्या आमच्या पुस्तकात जवळच्या ताऱ्यांचा तक्ता होता आणि तो तक्ता पुरा झाला आहे अशा समजुतीने आम्ही तो पाठ केला. त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकाचा शेजारी फोटोच्या काचेवर उमटून बसला होता. मला या शोधातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण या कामाला नवी काच किंवा नवा आरसा लागला नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदी कोणीतरी चिकाटीने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ते काम तू वाळव्यात बसूनही शिकू शकतोस.

दोन आहेत हे कळले ते चिलीमधल्या जेमिनी साउथ दुर्बिणीने. ल्यूमन यांना वर्णपट घ्यायचा होता. त्यासाठी २०१३ च्या फेब्रुवारीत दुर्बीण रोखली, तर एका ठिपक्याच्या जागी दोन दिसले, एकमेकांपासून दीड विकला अंतरावर. द्विताऱ्यांच्या यादीत ल्यूमन यांच्या नावावर ही सोळावी नोंद, म्हणून ल्यूमन १६. बर्नार्डनंतरच्या जवळजवळ शंभर वर्षांत सूर्याच्या इतक्या जवळ काही सापडले नव्हते.

अंतर कसे मोजतात तेही समजून घे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे सहा महिन्यांनी आपली बघण्याची जागा बदलते आणि जवळचा तारा किंचित डावी-उजवीकडे झुललेला दिसतो. पृथ्वीच्या कक्षेच्या त्रिज्येएवढ्या बदलाने ल्यूमन १६ अर्धा विकला झुलतो. सांगलीपासून अकरा किलोमीटरवर, म्हणजे मिरज ओलांडून पलीकडे, कोणी दहा रुपयांचे नाणे धरले तर ते तुला जेवढे दिसेल, तेवढा हा अर्धा विकला. झुलणे अर्धा विकला म्हणजे अंतर दोन पार्सेक, आणि दोन पार्सेक म्हणजे साडेसहा प्रकाशवर्षे.

आता वजन. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यात केप्लरचे नियम आहेत. तिसरा नियम काढ. दोघांमधले सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घे, फेऱ्याचा काळ वर्षांत घे. अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागले की दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते. इथे अंतर साधारण ३.५ आणि काळ साडेसत्तावीस वर्षे. ३.५ चा घन ४२.९. साडेसत्तावीसचा वर्ग ७५६. भागाकार ०.०५७. सूर्य म्हणजे १०४७ गुरू, तेव्हा गुणून आले सुमारे ५९ गुरू. प्रत्यक्ष बारकाईने केलेल्या मोजणीत ६२ च्या आसपास येते. मी ३.५ धरले म्हणून थोडे कमी भरले. तू ३.५५ धरून पुन्हा करून बघ. कोणाचा वाटा किती, हे दोघांच्या मधल्या समतोलबिंदूपासून कोण किती दूर राहतो त्यावरून काढतात. हबल दुर्बिणीने तीन वर्षांत अधूनमधून घेतलेले बारा फोटो एकत्र मांडले, तेव्हा दोघांची गिरकी आणि अंतर दाखवणारे झुलणे एकाच चित्रात दिसले. शोधानंतरचा त्यांचा पहिला फेरा २०४० च्या सुमारास पुरा होईल.

प्रश्न : ज्या ताऱ्यांवर लोखंडाचा पाऊस पडतो ते हेच का? तिथे पृथ्वीसारखा ग्रह आहे का? नातीने विचारले आहे की तिथून आपला सूर्य दिसेल का.
एक आजोबा, कराड

उत्तर : आजोबा, लोखंडाची गोष्ट निराधार नाही, पण पाऊस पडताना कोणी पाहिलेला नाही. या जोडीतला दुसरा बटू, ज्याला ब म्हणतात, त्याचे तेज काही तासांत दहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होते. हे पहिल्यांदा टिपले ते चिलीतल्या ट्रॅपिस्ट नावाच्या दुर्बिणीने, आणि ती आहे फक्त ६० सेंटिमीटरची. बटू साधारण पाच तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या अंगावर ढगांचे पट्टे आणि मोकळ्या जागा आहेत, त्या आळीपाळीने आपल्यासमोर येतात म्हणून तेज बदलते. आणि हा बदल प्रत्येक फेरीत सारखाही नसतो, म्हणजे ढग बदलत राहतात. तिथे हवामान आहे! हजार अंशांच्या आसपास पाण्याचे ढग टिकूच शकत नाहीत. त्या तापमानाला वाफेतून थिजतात ती सिलिकेट खनिजे आणि लोखंड. वर्णपटावरून आणि गणितावरून ढग त्यांचेच असावेत, असे संशोधक सांगतात. २०१४ मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या निरीक्षणांवरून ब च्या अंगावरच्या उजळ आणि अंधाऱ्या डागांचा नकाशा तयार झाला. सूर्यकुलाबाहेरच्या तपकिरी बटूवरच्या ढगांचा असा नकाशा पहिल्यांदाच झाला. पुढे वेब अवकाश दुर्बिणीनेही या दोघांकडे तासन्तास पाहून कोणत्या उंचीवर काय बदलते याच्या नोंदी घेतल्या.

ग्रहाबद्दल २०१३ मध्ये एकदा आशा वाटली होती. एकाच्या हालचालीत थोडा डगमग दिसला होता. हबलच्या बारीक मोजणीत मात्र तसा ग्रह आढळला नाही.

नातीचा प्रश्न मला सर्वांत आवडला. हो, सूर्य तिथून छान दिसेल. साडेसहा प्रकाशवर्षांवरून सूर्याची प्रत १.३ येते. मघा नक्षत्रातला मुख्य तारा आपल्याला जेवढा तेजस्वी दिसतो, जवळजवळ तेवढाच. तो दिसेल उत्तरेकडे, वृषपर्वा आणि शर्मिष्ठा यांच्या जवळच्या सरठ या फिकट तारकासमूहात. एप्रिलमध्ये संध्याकाळी मघा डोक्यावर येते, तेव्हा नातीला ती दाखवा आणि सांगा की शेजाऱ्यांकडून आपण एवढे दिसतो.

प्रश्न : मी साताऱ्यात शुक्रवार पेठेत राहतो. आमच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आडवा येतो. माझ्याकडे साधी द्विनेत्री आणि तीन इंची दुर्बीण आहे. दक्षिणेकडचा एखादा जोडतारा मला प्रत्यक्ष पाहता येईल का?
एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, पण गावातून नाही. मीही साताऱ्याचीच, अजिंक्यताऱ्याच्या कुशीत राहणाऱ्यांची ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. जागा पारखायची सोपी रीत सांगते. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्ती सर्वांत उंच असतो. ज्या जागेवरून तो डोंगराच्या वर स्पष्ट दिसेल, ती जागा व्हेलासाठी चालेल. डोंगरापासून उत्तरेला सरकले की डोंगर बुटका होतो खरा, पण मग शहराचे दिवे मधे येतात. म्हणून मी पुसेगाव ओलांडून दहिवडीच्या बाजूच्या माळावर जाते. तिथे दक्षिण क्षितिज जवळजवळ जमिनीपर्यंत मोकळे मिळते.

तुमच्या दुर्बिणीसाठी पहिला जोडतारा गॅमा व्हेलोरम. मार्चच्या मध्यानंतर रात्री नऊला तो दक्षिणेला २५ अंशांवर असतो. एक घटक १.८ प्रतीचा, दुसरा ४.२ प्रतीचा, मधे ४१ विकलांचे अंतर. तीन इंचीत कमी वर्धनावरही दोघे स्वच्छ सुटे दिसतात. ठळक घटक स्वतःच आणखी एक जोडी आहे. दोन अतितप्त तारे साडेअठ्ठ्याहत्तर दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, पण ते कुठल्याही हौशी दुर्बिणीत सुटे होत नाहीत. त्यातला एक वुल्फ-रायेट प्रकारचा आहे, अंगावरचे थर जोरदार वाऱ्याने उधळून टाकणारा.

दुसरा अल्फा सेंटॉरी. मेच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास तो दक्षिणेला अकरा-बारा अंशांवर येतो. एवढ्या खाली हवा थरथरते, त्यामुळे घाई न करता डोळा लावून बसा. मधेच दोन-चार सेकंद हवा स्थिर होते आणि एका पिवळ्या ताऱ्याचे दोन होतात. त्यांचा फेरा ऐंशी वर्षांचा आहे. २०१६ च्या सुमारास ते आपल्याला फार जवळ जवळ दिसत होते, तेव्हापासून सुटे होत चालले आहेत. हा जोडतारा आहे हे पहिल्यांदा पाहिले गेले ते आपल्या देशातून. १६८९ च्या डिसेंबरात पुद्दुचेरीला फादर रिशो नावाचे फ्रेंच धर्मगुरू एक धूमकेतू पाहत होते, तेव्हा त्यांच्या दुर्बिणीत तो दोन झाला. आपल्या इतिहासातला हा काळ तुम्हाला लगेच आठवेल. छत्रपती राजाराम महाराज नुकतेच जिंजीला पोचले होते, आणि पुद्दुचेरीहून जिंजी फार दूर नाही.

पहिला वळीव पडून गेल्यावर धुरळा बसतो आणि त्यानंतरच्या एक-दोन रात्री दक्षिण क्षितिज सर्वांत स्वच्छ मिळते. त्या सोडू नका. जून उजाडला की ढग भरून येतात आणि मग अल्फा सेंटॉरी पुढच्या वर्षावर जातो.